अर्ध्या पिक्सेलचा प्रश्न

बातमीदाराच्या नावाची पट्टी पडद्यावर डावीकडून सरकत येते, जागेवर थांबते, आणि थांबल्यावर तिच्यातली अक्षरं किंचित मऊ दिसतात. फाँट तोच, मापं तीच, रंगही तोच. फोटोशॉपमध्ये हीच पट्टी कोरल्यासारखी दिसत होती. आफ्टर इफेक्ट्समध्ये आणून ती हलवली आणि तिची धार गेली. मोशन ग्राफिक्सच्या कामात वर्षभर घालवलेल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. ‘सॉफ्ट झालंय’, ‘थरथरतंय’, ‘फाटतंय’ या एडिट टेबलवरच्या रोजच्या तक्रारी. त्यांची कारणं मात्र वेगवेगळी आहेत आणि उपायही. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला की बरेचदा दुखणं वाढतं. लेयर धारदार ठेवण्याच्या या सगळ्या प्रश्नाकडे म्हणूनच एकदा सलग पाहायला हवं.

सुरुवात पिक्सेलपासूनच करावी लागते. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात उतरवला. त्या चित्राचं माप होतं १७६ बाय १७६, आणि त्यातला प्रत्येक कण चौकोनी होता. तेव्हापासून पिक्सेल म्हणजे बारीकसा चौकोन ही समजूत रुजली. पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक असलेले अल्व्ही रे स्मिथ पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये होते. १९९५ मध्ये त्यांनी एक तांत्रिक टिपण लिहून ही समजूत खोडून काढली. त्यांच्या मते पिक्सेल हा चौकोन नसून एका बिंदूवर घेतलेला नमुना असतो. ठिपक्यांच्या रांगोळीतल्या ठिपक्यासारखा. ठिपके ठरलेल्या जागी बसलेले असतात, मधली आकृती आपण त्यांच्यावरून ओळखतो. आकृती सरकली तरी ठिपके सरकत नाहीत. त्यांच्या जागी नव्या किमती मोजाव्या लागतात, आणि धार जाते ती याच मोजणीत.

एक पिक्सेल जाडीची काळी रेघ पांढऱ्या जमिनीवर आहे असं धरू. ती बरोबर एक पिक्सेल उजवीकडे नेली तर काहीच बिघडत नाही, एक स्तंभ पांढरा होतो आणि शेजारचा काळा. ती अर्धा पिक्सेल नेली की सॉफ्टवेअरला दोन स्तंभांत तिची वाटणी करावी लागते. काळ्या रेघेऐवजी दोन पिक्सेल रुंदीची करडी रेघ तयार होते. गणित चोख आहे आणि सरासरीही खरी आहे, पण डोळ्याला ती रेघ फुगलेली आणि फिकी दिसते.

यात आणखी एक गोम आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पडद्यावरचे आकडे आणि पडद्यातून निघणारा प्रकाश सम प्रमाणात नसतात. ० ते २५५ या मोजपट्टीवर १२८ हा आकडा मधोमध असला, तरी त्यातून निघणारा प्रकाश पूर्ण पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के असतो. काळ्या जमिनीवरची पांढरी बारीक रेघ अर्ध्या पिक्सेलवर आली की दोन पिक्सेल मिळून सुमारे ४४ टक्के प्रकाश देतात. तीच रेघ पूर्ण पिक्सेलवर असताना १०० टक्के देत होती. म्हणजे हळू सरकणारी पांढरी रेघ प्रत्येक पिक्सेलमागे एकदा उजळते आणि एकदा मंदावते. थरथर म्हणतात ती बऱ्याचदा हीच असते, आणि दोष विनाकारण फ्रेम रेटच्या माथी जातो. आफ्टर इफेक्ट्समध्ये मिश्रणाचं गणित प्रकाशाच्या मापात, म्हणजे १.० गॅमावर, करण्याची सोय प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये आहे. तिथे अर्ध्या मिश्रणाचा आकडा १२८ ऐवजी १८८च्या आसपास येतो आणि बारीक पांढऱ्या रेघांचं लुकलुकणं बरंच कमी होतं. अर्थात ती सुरू केल्यावर सावल्या, पारदर्शकता, ग्लो सगळ्यांचं रूप बदलतं. अर्ध्या झालेल्या कामात ती सुरू करू नये.

आता मूळ तक्रारीकडे वळू. थांबलेला लेयर मऊ का दिसतो? बहुतेक वेळा उत्तर सम-विषम आकड्यांत सापडतं. १९२० बाय १०८० च्या कॉम्पोझिशनचा मध्य ९६०, ५४० वर आहे. लेयरची रुंदी ३०१ पिक्सेल असेल तर त्याचा अँकर पॉइंट १५०.५ वर पडतो. तो ९६० वर ठेवला की लेयरची डावी कड ८०९.५ वर येते, आणि आतला प्रत्येक पिक्सेल आपल्या शेजाऱ्यात अर्धा मिसळतो. रुंदी ३०० असती तर काहीच झालं नसतं.

फोटोशॉपची फाइल आणताना ‘रिटेन लेयर साइझेस’ हा पर्याय निवडला की प्रत्येक लेयर आपापल्या मापात कातरून येतो. त्यातले बरेचसे विषम मापाचे असतात. आणताना ते बरोबर जागी बसलेले असतात, कारण पोझिशनच्या आकड्यातही .५ असतो आणि अँकरमधल्या .५ शी तो जुळतो. काम करणाऱ्याला तो ८१२.५ असा आकडा अस्वच्छ वाटतो. तो नीटनेटकेपणासाठी ८१२ करतो, आणि नेमका त्याच क्षणी लेयर बिघडतो. पूर्णांक म्हणजे धारदार हा नियम म्हणूनच खोटा आहे. अँकर आणि पोझिशन यांची वजाबाकी पूर्णांक यायला हवी, एवढाच नियम खरा. सगळ्या घटकांची मापं डिझाइनच्या वेळीच सम ठेवणं हा यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तो डिझाइन करणाऱ्याच्या हातात असतो, अॅनिमेशन करणाऱ्याच्या नाही. दोघे वेगळ्या खोल्यांत, कधी वेगळ्या शहरांत बसलेले असतात, त्यामुळे ही साधी गोष्ट राहून जाते.

फिरवण्यातही हीच अडचण आहे. ३०० बाय १०१ ची पट्टी बरोबर ९० अंशांत फिरवली तर खरं म्हणजे एकही पिक्सेल नव्याने मोजावा लागू नये. पण एक बाजू सम आणि दुसरी विषम असल्यामुळे फिरल्यानंतर दोन्ही दिशांना अर्ध्या पिक्सेलचा फरक पडतो. दोन्ही बाजू सम किंवा दोन्ही विषम असतील तर पट्टी स्वच्छ फिरते. पेरेंटिंगचंही तसंच. मूळ लेयर ९७ टक्क्यांवर असेल तर त्याला जोडलेल्या पोरांच्या पोझिशनमध्ये कितीही सुबक आकडे दिसोत, पडद्यावर ते अपूर्णांकातच बसतात.

एका ठिकाणी मात्र अर्धा पिक्सेलच बरोबर असतो. शेप लेयरमध्ये काढलेल्या रेषेची जाडी तिच्या मार्गाच्या दोन्ही अंगांना सारखी वाटली जाते. एक पिक्सेलची रेघ पूर्णांकावर काढली तर तिचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे जातो. एक, तीन, पाच अशा विषम जाडीच्या रेघेचा मार्ग .५ वर ठेवावा लागतो, सम जाडीचा पूर्णांकावर. इलस्ट्रेटरमध्ये २०१० च्या सीएस ५ आवृत्तीत आकृत्या पिक्सेलच्या जाळीला चिकटवण्याची सोय आली ती वेब आणि मोबाइलच्या कामातल्या याच डोकेदुखीमुळे.

व्हेक्टर वापरलं की सगळं धारदार राहतं, हा या क्षेत्रातला सर्वांत पक्का गैरसमज. व्हेक्टर म्हणजे आकृतीचं सूत्र, आणि पडद्यावर यायला त्याला पिक्सेल व्हावंच लागतं. प्रश्न फक्त कधी व्हायचं एवढाच. इलस्ट्रेटरची फाइल आफ्टर इफेक्ट्समध्ये आणली की ती आधी १०० टक्के मापात पिक्सेलमध्ये उतरते आणि मग मोठी होते. १०० पिक्सेलचं चिन्ह ४०० टक्के केलं तर ते फाटणारच. लेयरसमोरचं सूर्यासारखं बटण, म्हणजे ‘कंटिन्युअसली रास्टराइज’, दाबलं की प्रत्येक फ्रेमला सूत्रावरून नव्याने पिक्सेल काढले जातात. टेक्स्ट आणि शेप लेयर कायम याच पद्धतीने चालतात. या बटणाची एक किंमत आहे: कामांचा क्रम उलटतो. एरवी आधी इफेक्ट लागतो, मग लेयर लहानमोठा होतो. बटण दाबल्यावर आधी माप बदलतं आणि मग इफेक्ट लागतो, त्यामुळे लोगो दुप्पट झाला तरी त्याच्या सावलीचं अंतर होतं तेवढंच राहतं. बटण दाबल्यावर ‘सगळं बिघडलं’ म्हणून ते पुन्हा बंद करणारे अनेक असतात. त्यांनी इफेक्टचे आकडे बदलायला हवे असतात.

आणि बटण दाबलं तरी जागेचा प्रश्न उरतोच. सूत्रावरून काढलेली रेघही अर्ध्या पिक्सेलवर आली तर करडीच होणार. धार आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीची हमी दुसरीची हमी नव्हे.

प्रीकॉम्पमध्ये नुकसान साचत जातं. आतल्या कॉम्पोझिशनमध्ये चित्र ५० टक्के केलं, ते रेंडर झालं, बाहेर पुन्हा २०० टक्के केलं. आकार मूळपदावर येतो, तपशील येत नाही. तेच सूर्याचं बटण प्रीकॉम्पवर दाबलं की आतली आणि बाहेरची रूपांतरं एकत्र होतात आणि पिक्सेल एकदाच मोजले जातात. चित्रपटांच्या कंपोझिटिंगमध्ये वापरलं जाणारं न्यूक हे सॉफ्टवेअर हे काम न सांगता करतं. एकामागोमाग जोडलेले ट्रान्सफॉर्म नोड एकाच गणितात गुंफले जातात. मध्येच रंगदुरुस्तीचा एखादा नोड घातला की साखळी तुटते आणि चित्र दोनदा मऊ होतं. म्हणून अनुभवी कंपोझिटर रंगाचे नोड एकीकडे आणि हालचालीचे दुसरीकडे ठेवतात. पिक्सेल नव्याने मोजताना कोणतं सूत्र वापरायचं, याचीही निवड न्यूकमध्ये असते. डॉन मिचेल आणि अरुण नेत्रवली यांनी १९८८ मध्ये अशा सूत्रांची तुलना करून दाखवलं की मऊपणा, कडेची वलयं आणि दातेरीपणा या तीन दोषांमध्ये तडजोड करावीच लागते. तिन्ही एकदम घालवणारं सूत्र नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१३ पासून बायलिनियरबरोबर बायक्युबिक हा पर्याय मिळाला. मोठं करताना तो उपयोगी पडतो. अर्ध्या पिक्सेलवर थांबलेल्या अक्षरांना तो फारसा वाचवू शकत नाही.

इथवर थांबलेल्या लेयरची गोष्ट झाली. हालचाल सुरू झाली की प्रश्न खऱ्या अर्थाने अवघड होतो, कारण तिथे धार आणि सफाई या दोन्ही हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत १० सेकंदांत १०० पिक्सेल सरकणारं शीर्षक घ्या. २५० फ्रेममध्ये १०० पिक्सेल, म्हणजे फ्रेममागे ०.४ पिक्सेल. जसंच्या तसं ठेवलं तर बहुतेक फ्रेममध्ये अक्षरं पिक्सेलच्या मध्ये कुठेतरी असतात आणि त्यांची धार वरखाली होत राहते. पोझिशनला एक्स्प्रेशन लावून आकडा पूर्णांकात वळवला, तर प्रत्येक फ्रेम लख्ख दिसते, पण शीर्षक दोन-तीन फ्रेम जागीच थांबतं आणि मग एक पिक्सेल उडी मारतं. डोळ्याला ते अडखळणं मऊपणापेक्षा जास्त खुपतं. पूर्णांकात वळवण्याचं एक्स्प्रेशन सरसकट सगळ्या लेयरना लावण्याचा सल्ला दिला जातो तो म्हणूनच चुकीचा आहे.

यातून वाट आहे ती वेगाची. फ्रेममागे पूर्ण एक, दोन किंवा तीन पिक्सेल असा वेग ठेवला की धारही राहते आणि सफाईही. चित्रपटाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत ही रीत चांगलीच मुरलेली आहे. २४ फ्रेमला फ्रेममागे ३ पिक्सेल म्हणजे सेकंदाला ७२, आणि १०८० उंचीच्या पडद्यावरून एका ओळीला वर जायला बरोबर १५ सेकंद. वेग २ केला तर साडेबावीस सेकंद, ४ केला तर सव्वाअकरा. निर्मात्याला नामावली दोन मिनिटांत बसवून हवी असते. मग कीफ्रेम ओढून लांबवल्या जातात आणि वेग २.७३ असा काहीतरी होऊन बसतो. त्याऐवजी ओळींमधलं अंतर किंवा अक्षरांचं माप बदलावं. दोन मिनिटांच्या २८८० फ्रेम, गुणिले ३, म्हणजे ८६४० पिक्सेलचा एकूण प्रवास. पडद्याची उंची त्यातून वजा केली की मजकुराला किती जागा आहे ते कळतं, आणि नावं त्यात बसवता येतात. हे गणित रेंडरच्या आदल्या रात्री करायचं नसतं.

टीव्हीच्या खालच्या पट्टीलाही तोच हिशेब लागू आहे, फक्त एकक बदलतं. भारतीय वाहिन्यांनी पॅलच्या काळापासून वापरलेल्या इंटरलेस पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड असतात. एका फील्डमध्ये विषम ओळी येतात, दुसऱ्यात सम. पट्टीचा वेग फील्डमागे पूर्णांकात हवा. फील्डमागे ४ पिक्सेल म्हणजे सेकंदाला २००, आणि एचडी पडद्याची १९२० रुंदी ओलांडायला ९.६ सेकंद. इंटरलेसमध्ये दुसरा धोका आडव्या बारीक रेघांचा. एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते, म्हणून ती सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. इथे पिक्सेलवर नेमकी बसवलेली धारदार रेघच जास्त त्रास देते. ती दोन पिक्सेल जाड करावी, नाहीतर उभ्या दिशेने किंचित मऊ करावी. आफ्टर इफेक्ट्समध्ये खास यासाठीच एक इफेक्ट आहे.

वेगवान हालचालीची मात्र काळजी करू नये. २५ फ्रेमला १८० अंशांचं शटर धरलं आणि लेयर फ्रेममागे ४० पिक्सेल धावत असेल, तर मोशन ब्लर त्याला २० पिक्सेल पसरवतो. तिथे अर्ध्या पिक्सेलला काही अर्थ उरत नाही. उलट ब्लर न लावता अशी लख्ख अक्षरं पळवली तर ती तुटक दिसतात.

धोका असतो तो थांबण्याच्या क्षणी. लांबलचक ईझ-आउट दिला की शेवटच्या दहा-बारा फ्रेममध्ये लेयर दोन-तीन पिक्सेलच सरकतो. म्हणजे वाचणाऱ्याची नजर अक्षरांवर स्थिरावते नेमकी त्याच वेळी अक्षरं अपूर्णांकात रेंगाळत असतात, कडा उकळल्यासारख्या हलतात आणि मग एकदम लख्ख होतात. ग्राफ एडिटरमध्ये ही शेपटी छाटली, हँडल जरा आखूड केलं, की हा दोष बराचसा जातो. स्केलच्या बाबतीतही तसंच. ९८ वरून १०० टक्क्यांवर येणारं शीर्षक १०० वर पोचलंच पाहिजे. ९९.७ वर सोडलेला लेयर पूर्ण वेळ मऊ राहतो. आणि १०० वरून १०५ पर्यंत सावकाश वाढत जाणारा जो पुश-इन हल्ली प्रत्येक माहितीपटात दिसतो, त्यात बारीक चौकटीचं कापड किंवा विटांची भिंत असेल तर चित्र चमचमणारच. तिथे मोठ्या मापाचा मूळ फोटो आणि किंचितसा ब्लर हाच मार्ग.

देवनागरीत हे सगळे प्रश्न जास्त ठळक होतात. रोमन लिपीत धारेचा दोष सुट्या अक्षरांच्या कडांवर विखुरला जातो. आपल्याकडे शिरोरेषा शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आडवी जाते. उभ्या दिशेने अर्ध्या पिक्सेलची चूक झाली तर तीनशे पिक्सेल लांब करडी पट्टीच दिसते. लहान मजकुरात शिरोरेषेची जाडी दोन-तीन पिक्सेल असते. ती अडीच झाली की एका बाजूला कड स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला धूसर. त्यामुळे मराठी ॲस्टन, म्हणजे न्यूजरूममध्ये नावाच्या पट्टीला म्हणतात ते, तयार करताना फाँटचं माप शिरोरेषेवरून ठरवावं. ३२ ऐवजी ३३ किंवा ३१ केल्याने रेषेची जाडी पूर्णांकात येत असेल तर तेच माप घ्यावं. आणि आडव्या हालचालीपेक्षा उभ्या हालचालीची जास्त धास्ती बाळगावी. वर-खाली हळू सरकणारं मराठी शीर्षक इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त थरथरतं.

अक्षराअक्षराने येणाऱ्या शीर्षकांत आणखी एक खोट निघते. ‘महाराष्ट्र’ शब्दातले तुकडे वेगवेगळे हलवले आणि शेवटी जागेवर आणले, की शिरोरेषेवर दोन अक्षरांच्या मध्ये बारीक चीर दिसते. कारण गणितातच आहे. दोन्ही तुकड्यांच्या कडा एकाच पिक्सेलमध्ये अर्ध्या-अर्ध्या येत असतील तर अर्धा अधिक अर्धा एक व्हायला हवा. पण थरावर थर चढवताना सॉफ्टवेअरला त्या अर्ध्या कडांची नेमकी जागा माहीत नसते. पहिला थर ५० टक्के झाकतो, दुसरा उरलेल्या ५० टक्क्यांतला अर्धा. बेरीज होते ७५. उरलेल्या २५ टक्क्यांतून मागची जमीन डोकावते. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडलेली थर मिसळण्याची ही पद्धत आजही सगळीकडे चालते, आणि हा दोष तिच्यात मुळातच आहे. म्हणून चांगल्या देवनागरी फाँटमध्ये शिरोरेषा अक्षराच्या रुंदीच्या थोडी बाहेर काढलेली असते, म्हणजे शेजारच्या अक्षरावर चढून ती चीर झाकते. पण अक्षरांना बाह्यरेखा दिली की तोच चढलेला भाग उघडा पडतो. अक्षरं आउटलाइनमध्ये बदलून शब्दाचे सगळे भाग एकत्र जोडून घेणं, किंवा शेवटच्या कीफ्रेमनंतर तुकडे लपवून अखंड शब्दाचा लेयर दाखवणं, हे दोन उपाय हमखास लागू पडतात. दुसरा अधिक सोपा आहे आणि प्रेक्षकाला तो बदल कळतही नाही.

मराठीत आउटलाइनची सवय जुनी आहे. सॉफ्टवेअरला युनिकोड जोडाक्षरं नीट जमत नव्हती त्या काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या संचात मजकूर टाइप करायचा, इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन काढायचे आणि पुढे न्यायचे, अशी रीत होती. आता युनिकोड चालतं आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे मोकळ्या परवान्याचे फाँट आहेत. तरी मोठ्या शीर्षकांसाठी आउटलाइन काढण्याची जुनी सवय धारेच्या दृष्टीने फायद्याची ठरते, कारण शिरोरेषेच्या कडा हाताने पिक्सेलवर बसवता येतात.

मोबाइल आणि वेबवर चित्र वेगळं आहे. जून २०१० मध्ये आयफोन ४ चा ३२६ पीपीआयचा पडदा आला आणि डिझाइनमधल्या एका पिक्सेलमागे पडद्यावर दोन बाय दोन खरे पिक्सेल आले. तिथे अर्धा पिक्सेल आपोआप पूर्णांक झाला. अँड्रॉइडमध्ये मात्र दीडपट घनतेचे पडदेही होते. दीडपटीत एकाची रेघ दीड पिक्सेल होते, म्हणून २४ च्या जाळीवरची चिन्हं सम मापात ठेवण्याची शिस्त लागली. वेब पानावर एखादा चौकोन मधोमध आणण्यासाठी त्याला स्वतःच्या उंचीच्या ५० टक्के वर सरकवतात. उंची विषम असली की साध्या मॉनिटरवर त्यातला मजकूर धूसर दिसू शकतो. आफ्टर इफेक्ट्सचा तोच सम-विषमचा दोष इथे दुसऱ्या वेषात भेटतो. एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुली केलेली लॉटी ही पद्धत आफ्टर इफेक्ट्समधली हालचाल सूत्रांच्या रूपात फोनवर पाठवते आणि पिक्सेल फोनवरच तयार होतात. त्यामुळे मोठं केल्यावर फाटण्याची भीती जाते. जागा पिक्सेलवर येईलच असं मात्र नाही, कारण कुठल्या मापात ती दाखवायची ते ॲप ठरवतं.

दुसऱ्या टोकाला अशी कामं आहेत जिथे मऊपणा चालतच नाही. २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा खेळ ३२० बाय १८० मध्ये चित्र तयार करतो. सहा पटीत तो १०८० च्या पडद्यावर आणि बारा पटीत फोरकेवर बरोबर बसतो. पूर्णांकी पट ठेवली, शेजारचाच पिक्सेल उचलणारं सूत्र वापरलं, की एकही कड मऊ होत नाही. रस्त्यावरच्या एलईडी फलकांवरही हेच. पी-टेन जातीच्या फलकात दोन दिव्यांमध्ये १० मिलिमीटर अंतर असतं आणि एका तुकड्यात ३२ बाय १६ दिवे. सोळा दिव्यांच्या उंचीत शिरोरेषा, मात्रा, रफार आणि उकार बसवायचे असतात. एकाच रंगाच्या अशा फलकावर करडी कड जवळजवळ निरुपयोगी, म्हणून अक्षरं एकेका दिव्याने पूर्णच सरकवावी लागतात.

लेयर कितीही नीट बसवला तरी शेवटच्या टप्प्यावर धार जाऊ शकते. घरोघरी पोचणारं प्रसारण आणि ऑनलाइन व्हिडिओ बहुतेक वेळा ४:२:० पद्धतीत असतात. उजेडाची माहिती १९२० बाय १०८० मध्ये, रंगाची फक्त ९६० बाय ५४० मध्ये. निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं इथे धुरकट होणारच, पिक्सेलवर बसलेली असोत वा नसोत. उजेडात फरक ठेवला, म्हणजे गडदवर पांढरं किंवा पिवळं घेतलं, की अक्षरं वाचतात. फोरकेमध्ये केलेलं काम १०८० वर आणणं सुरक्षित, कारण बरोबर चारास एक असा हिशेब बसतो. ७२० चं काम १०८० वर नेलं की दीडपट होतं, आणि एक पिक्सेलच्या रेघा काही जाड काही बारीक दिसतात. काही टीव्ही तर येणारं चित्र ओव्हरस्कॅनसाठी थोडं मोठं करूनच दाखवतात. तपासणीच्या टीव्हीवर ही सोय आधी बंद केली पाहिजे, नाहीतर नसलेला दोष शोधण्यात दिवस जातो. तीच गोष्ट संगणकावरच्या प्रीव्ह्यूची. खिडकी ‘फिट’वर असेल आणि चित्र ६३ टक्क्यांत दिसत असेल, रिझोल्यूशन ‘हाफ’ असेल, विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्के असेल, तर जे दिसतं त्यावरून धारेचा न्याय करता येत नाही. आधी १०० टक्के आणि ‘फुल’, मगच तक्रार.

पडदे इतके दाट झाल्यावर हा सगळा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. हातातल्या फोनपुरता तो रास्त आहे. चारशे पीपीआयच्या वर अर्धा पिक्सेल कुणाला दिसत नाही, आणि फक्त रील्ससाठी काम करणाऱ्याने यात फार वेळ घालवू नये. पण लग्नाच्या हॉलमधली एलईडी भिंत, सभागृहातला प्रोजेक्टर, घरातला १०८० चा मोठा टीव्ही इथे पिक्सेल अजून डोळ्याला दिसण्याएवढाच आहे. जिथे अक्षरं वाचायची असतात आणि पडदा मोठा असतो, तिथे हा प्रश्न जिवंत आहे. सगळ्या फ्रेम लख्ख करण्याचा आग्रह सोडावा. लेयर जिथे थांबतो आणि वाचला जातो त्या फ्रेम नेमक्या बसवाव्यात, हळू सरकणाऱ्या मजकुराला पूर्णांकी वेग द्यावा, पिक्सेल कमीत कमी वेळा मोजले जातील असं पाहावं, आणि मधली हालचाल मोकळी सोडावी.

मराठी वाहिन्यांनी आणि स्टुडिओंनी यात एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. नवं ग्राफिक्स पॅकेज मान्य करताना नमुन्यात बहुधा इंग्रजी मजकूर असतो आणि तो लॅपटॉपवर पाहिला जातो. त्याऐवजी जोडाक्षरं, रफार आणि दोन ओळींची लांब नावं असलेला मराठी मजकूर त्यात भरावा, पट्टी हवी त्या वेगाने चालवावी, आणि ज्या प्रकारच्या टीव्हीवर घरोघरी ती पाहिली जाणार आहे तशा टीव्हीवर, ओव्हरस्कॅन बंद करून, सहीआधी पाहावी. शिरोरेषा करडी दिसली तर पॅकेज परत पाठवावं.